घरातल्या शुश्रूषेत साधना सुटत चालली आहे. मन शांत आहे की बधिर, हे कसे ओळखावे?

गोदाकाठची

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. सासूबाईंना स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन काही वर्षे झाली आणि अलीकडे त्यांना घरात एकटे ठेवणे अशक्य झाले आहे. माझी शाळा सकाळची असते. तेवढ्या वेळेपुरत्या एक मदतनीस बाई येतात, आणि दुपारपासून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंतची जबाबदारी प्रामुख्याने माझ्यावर असते. यजमानांची नोकरी फिरतीची आहे आणि मुलगा यंदा दहावीला आहे.

सासूबाईंचा आजार बळावण्यापूर्वी मी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचे (शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याच्या ध्यानपद्धतीचे) १० दिवसांचे शिबिर केले होते. त्यानंतर बराच काळ सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बैठक नियमाने होत असे, आणि तिच्यामुळे माझा स्वभाव निवळला हे घरच्यांनीही मान्य केले होते. आता सकाळची बैठक कशीबशी अर्ध्या तासावर आली आहे आणि संध्याकाळची पूर्णपणे बंद पडली आहे, कारण दिवेलागणीच्या सुमारास सासूबाई अतिशय अस्वस्थ होतात. "मला माझ्या घरी सोडा, आई वाट पाहत असेल" असे म्हणत दाराशी जाऊन कडी काढू लागतात, आणि त्यांची आई केव्हाच गेली आहे असे सांगितले की दर वेळी नव्याने रडतात.

माझी पहिली अडचण अशी की मी चिडते. एकच प्रश्न विसाव्यांदा आला की आवाज चढतो, क्वचित हात धरून मी त्यांना जरा जोरातच खाली बसवते, आणि मग रात्री झोप लागेपर्यंत स्वतःला बोल लावत राहते की शिबिर केले, समतेविषयी, म्हणजे सुखदुःखात मन सम ठेवण्याविषयी, इतके ऐकले आणि शेवटी आहे तिथेच आहे. दुसरी अडचण त्याहून अवघड आहे. अलीकडे काही दिवस असे जातात की राग येत नाही, दुःख होत नाही, मुलाला चाचणीत चांगले गुण मिळाले तरी काही वाटत नाही; हातून सगळी कामे होत असतात, पण मनाला कशाचाच स्पर्श होत नाही. एक मैत्रीण म्हणाली की हीच स्थितप्रज्ञता. मला ते पटत नाही, पण ठामपणे नाही असेही म्हणता येत नाही. ही साधनेतून आलेली अलिप्तता आहे की थकून बधिर झालेले मन आहे, हे ओळखायचे कसे? आणि अशा दिनक्रमात साधना टिकवायची तर तिचे स्वरूप काय ठेवावे? कृपया "वेळ काढला की निघतो" एवढेच उत्तर देऊ नये. तो काढून पाहिलेला आहे.

तुळशीमाळ

ताई, आपल्या सासूबाई वारकरी घरातल्या आहेत किंवा कसे, हे आपण लिहिलेले नाही. तरी विचारतो, कारण माझ्या थोरल्या बंधूंना हाच आजार होता आणि आमच्या घरी संध्याकाळचा प्रश्न हरिपाठाने पुष्कळसा सोपा झाला. शेवटच्या काळात दादांना स्वतःच्या मुलांची नावे सांगता येत नसत, सकाळी जेवलो की नाही हे आठवत नसे, परंतु कोणी "देवाचिये द्वारी" एवढे म्हटले की पुढचे चरण ते न अडखळता, चालीसकट म्हणत. लहानपणापासून रोज म्हटलेले आणि चालीत बसलेले शब्द या आजारात इतर आठवणींपेक्षा पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात, असे त्यांच्या डॉक्टरांनीही सांगितले होते.

हरिपाठाची वेळ दिवेलागणीचीच असते, आणि आपल्याकडे नेमकी तीच वेळ अवघड जाते, म्हणून सुचवतो. अंधारून येण्याच्या अर्धा तास आधीच घरातले सगळे दिवे लावावेत, खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत, कारण संधिप्रकाशातल्या सावल्यांनी या रुग्णांना भय वाटते. नंतर देवापुढे निरांजन लावून, त्यांच्या हातात टाळ किंवा माळ देऊन आपण म्हणायला सुरुवात करावी. ज्ञानदेवांच्या हरिपाठात २७ अभंग आहेत. ते सगळे झालेच पाहिजेत असा आग्रह धरू नये. पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभे राहण्याचे फळ सांगितले आहे, तेव्हा तीन-चार अभंगांवर थांबलात तरी नेम मोडला असे मानण्याचे कारण नाही. आईच्या निधनाची बातमी मात्र त्यांना पुन्हा सांगू नका. "आई कशी होती हो तुमची? काय करायची स्वयंपाकात?" असे विचारले तर त्या बोलू लागतील आणि दारापासून आपोआप मागे फिरतील.

आणि साधना सुटली असे आपण म्हणता, ते मला मान्य नाही. आमच्या संतांनी प्रपंच टाकून परमार्थ केलेला नाही. अरणचे सावता महाराज मळ्यात राबत होते, तेरचे गोरोबाकाका माती तुडवत होते, जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता नाम घेत होत्या. आपण सासूबाईंची जी सेवा करीत आहात, तीच आपली साधना आहे.

जात्यावरची

वरील प्रतिसादातला संध्याकाळच्या व्यवस्थेचा भाग अतिशय उपयुक्त आहे. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही, आणि का ते जरा विस्ताराने लिहिते.

जनाबाईचे उदाहरण आपल्याकडे बाईने थकवा बोलून दाखवला की हमखास पुढे केले जाते. दळता दळता देव भेटतो असे सांगितले की दळणाची पाळी दुसऱ्या कोणी घ्यावी हा विषयच निघत नाही. सेवा हीच साधना, हे वाक्य ज्याने त्याने स्वतःपुरते म्हणावे. दुसऱ्याच्या पाठीवरच्या ओझ्याकडे पाहून म्हणू नये. शिवाय जनाबाई केवळ सोशीक होती असे तिचे अभंग वाचणारा कोणी म्हणणार नाही. ती विठोबाला "विठ्या" म्हणते, त्याला सडकून शिव्या देते, त्याच्याशी भांडते. नामदेवांनी आणि तुकोबांनीही देवाला वाटेल तसे सुनावलेले आहे. दुष्काळात अन्नान्न करीत आपली बायको गेली, हे तुकोबांनी स्वतःच्या अभंगात लिहून ठेवले आहे, आणि ते लिहिताना आपण फार शांत होतो असा आव आणलेला नाही. भक्तीच्या या परंपरेत राग, कंटाळा आणि गाऱ्हाणे यांना हक्काची जागा आहे. गोदाकाठचीताई, तुम्ही चिडता म्हणून तुमची आध्यात्मिक वाढ खुंटली असा निष्कर्ष काढायला ही परंपरा तरी आधार देत नाही.

सासूबाईंबरोबर हरिपाठ जरूर म्हणा. पण तो त्यांच्यासाठी असेल हे लक्षात ठेवा. तुमचे अर्धे लक्ष दाराच्या कडीकडे, पाव लक्ष गॅसवरच्या कुकरकडे आणि उरलेले त्यांच्या चेहऱ्याकडे असणार. त्यात समाधान मिळेल, कधी फार मिळेल, पण ती शुश्रूषेचीच एक रीत राहील. ज्या वेळेत तुमच्याकडून कोणाचीही काही अपेक्षा नाही असा वेळ त्याखेरीज वेगळा लागतो, आणि तो देणे ही घरातल्या इतर माणसांची जबाबदारी आहे. यजमान फिरतीवर असतात असे तुम्ही लिहिले आहे; ते घरी असतात त्या संध्याकाळी आईजवळ कोण बसते, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यांना भाऊ-बहीण आहेत का, हेही नाही.

मध्यममार्गी

मी विपश्यनेचा जुना साधक आहे, शिबिरांत धम्मसेवाही, म्हणजे साधकांसाठी स्वयंसेवाही, देतो. आचार्य मात्र नाही, तेव्हा हे मत सहसाधकाचे समजावे.

शिबिर संपताना आपल्याला रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्याचा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे, पण त्याचे गणित चुकले की पुष्कळ साधक सगळेच सोडून देतात. अर्धा तास होत असेल तर अर्धा तास बसावे. रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच पाच-पाच मिनिटे संवेदना जाणण्याची सूचनाही आपण ऐकली असेल. अशा काळात तिचे मोल वाढते. सासूबाईंचा तोच प्रश्न पुन्हा येतो त्या क्षणी छातीत, जबड्यात, तळहातात काय होते तेवढे जाणावे, दोन-चार श्वास आनापानाप्रमाणे, म्हणजे न बदलता येता-जाता, नुसते पाहावेत आणि मग उत्तर द्यावे. दर वेळी जमणार नाही. पण राग चढू लागला आहे हे ओरडण्याआधी कळले तर ते विपश्यनेचेच फळ आहे, आणि ओरडून झाल्यावर लगेच कळले तरी तेही काही थोडे नाही. पूर्वी ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळत असेल.

हरिपाठ म्हटल्याने दोन पद्धतींची सरमिसळ होईल का, हा प्रश्न आपण विचारलेला नसला तरी आपल्या मनात येईल. पूजापाठ आणि जप बाजूला ठेवण्याचा नियम शिबिराच्या काळापुरता असतो. घरी आल्यावर एवढेच सांभाळावे की ध्यानाला बसल्यावर नाम हे आलंबन (मन टेकवण्याचा आधार) म्हणून धरू नये. बैठकीच्या वेळी बैठक, हरिपाठाच्या वेळी हरिपाठ.

समता आणि बधिरता यांतला फरक माझ्या समजुतीप्रमाणे असा आहे. समतेत संवेदना बोथट होत नाहीत. सुखद असो वा दुःखद, ती अधिक स्पष्ट कळते, फक्त तिच्यामागे फरपटत जाणे कमी होते. शिबिराच्या दहाव्या दिवशी शिकवलेली मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याचे ध्यान, आठवून पाहा. बैठकीच्या शेवटी मुलासाठी, सासूबाईंसाठी, स्वतःसाठी मैत्रीची भावना आणू पाहिली आणि मन ओलावले, तर काळजीचे कारण नाही. तिथे नुसते शब्द फिरत असतील आणि दिवसेंदिवस तसेच होत असेल, तर बैठकीची वेळ वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. अशा वेळी साधकाने अधिक ध्यान करावे असा आग्रह काही मंडळी धरतात. मला तो धोक्याचा वाटतो.

उंबरठा

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, पण मूळ प्रश्नातल्या काही गोष्टींकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते.

ताई, आनंदाच्या प्रसंगीही काहीच न वाटणे ही गोष्ट गंभीरपणे घ्या. वैराग्य असेल तर मुलाच्या गुणांचा गर्व होणार नाही, पण त्याच्या आनंदात आनंद होईल. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे ही अवस्था दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली, आणि तिच्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता यांत बदल झाला असेल, तर त्याला नैराश्याचा आजार म्हणून तपासून घ्यावे लागते. शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये तो सर्रास आढळतो. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची रक्ततपासणीही करून घ्या, कारण यांतल्या कमतरतेनेही असाच थकवा आणि निरुत्साह येतो, आणि मग माणूस उगाच स्वतःच्या साधनेत खोट शोधत बसतो. लगेच कोणाशी बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे; तिथे मराठीतही बोलता येते.

दुसरी गोष्ट रागाची. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. तिच्यात एक निरीक्षण आहे, जे मला तुमच्या पत्रात जसेच्या तसे दिसले: माणूस एखाद्या प्रसंगाने अस्वस्थ होतो, आणि नंतर आपण अस्वस्थ झालो याच गोष्टीने दुसऱ्यांदा अस्वस्थ होतो. सासूबाईंवर चिडणे काही मिनिटांत संपते. चिडले म्हणून स्वतःवर चिडणे रात्रभर चालते आणि झोप खाते, आणि झोप न झाल्याने दुसऱ्या दिवशी राग अधिक लवकर येतो. या दुसऱ्या अस्वस्थतेच्या मुळाशी बहुधा एक हेका असतो. तुमच्या बाबतीत तो असा असावा: "शिबिर केलेल्या माणसाने कधीही चिडता कामा नये." न चिडण्याची इच्छा चांगली आहे आणि ती ठेवावी. तिचे सक्तीत रूपांतर झाले की साधनाच माणसाला छळू लागते. ज्यांच्या आयुष्यात साधना नाही त्यांना हा जाच नसतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तो प्रामाणिक साधकांच्याच वाट्याला येतो.

तरीही हात धरून जोरात बसवण्याचा जो उल्लेख तुम्ही केला आहे, तो मी समजुतीच्या सुरात मिटवून टाकणार नाही. वयस्क माणसाची त्वचा आणि हाडे नाजूक असतात, आणि तो क्षण म्हणजे तुमची ताकद संपल्याची खूण आहे. तसे होऊ लागले की त्या सुरक्षित बसल्या आहेत एवढे पाहून दोन मिनिटे दुसऱ्या खोलीत जा. दाराला त्यांच्या सहज नजरेत येणार नाही अशा उंचीवर दुसरी कडी बसवून घ्या. घरात माणूस असतानाच ती लावावी. त्यांच्या कपड्यात नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. संध्याकाळची अस्वस्थता अचानक वाढली असेल तर त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा कुठेतरी दुखणे यांमुळे ती वाढते आणि रुग्णाला ते सांगता येत नाही.

'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९९२ पासून या आजारावर काम करते आणि अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. शुश्रूषा करणाऱ्यांचे आधारगट हे अशा संस्थांचे मोठे काम आहे. तिथे कोणी उपदेश करीत नाही. समोरच्यानेही काल आपल्या आईवर आवाज चढवलेला असतो.

गोदाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. काही प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरे देते. सासूबाई वारकरी घरातल्याच आहेत, त्यांच्या गळ्यात माळ आहे आणि पाय चालत होते तोवर त्यांची आषाढी चुकली नव्हती. हे मी लिहायलाच विसरले, याचे आता मलाच आश्चर्य वाटते.

दिवे लवकर लावून हरिपाठ सुरू केला. काही संध्याकाळी त्या पूर्ण वेळ बसल्या आणि माझा एक चुकलेला चरण त्यांनी दुरुस्तही केला. काही संध्याकाळी काहीच उपयोग झाला नाही. टाळ फेकून दिला आणि दाराशी गेल्या. आईविषयी विचारण्याचा उपाय मात्र बहुतेक वेळा लागू पडतो. त्यांच्या माहेरच्या आडाची आणि भाकरीच्या टोपलीची हकीकत मी आजवर ऐकली नव्हती.

जात्यावरचीताई, तुमचा प्रश्न मी यजमानांना वाचून दाखवला. त्यांनी शनिवार-रविवारच्या संध्याकाळी स्वतःकडे घेतल्या आहेत, आणि पुण्याच्या नणंदबाई महिन्यातून काही दिवस आईंना नेण्याऐवजी स्वतः इथे येऊन राहायला तयार आहेत, कारण घर बदलले की आईंचा गोंधळ वाढतो. रक्ततपासणी झाली, हिमोग्लोबिन कमी निघाले. मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

मध्यममार्गी यांना एक विचारायचे आहे. मोकळा होणारा पहिला रविवार जुन्या साधकांच्या एकदिवसीय शिबिरासाठी वापरावा असे मनात आहे. योग्य होईल का?

मध्यममार्गी

पहिला रविवार झोपेसाठी वापरावा, असे मी म्हणेन. अनेक महिन्यांची झोप राहिलेली असताना दिवसभर डोळे मिटून बसलात तर बहुतेक वेळ डुलक्यांत जाईल आणि त्याचाही दोष आपण स्वतःलाच द्याल. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात आपल्या भागात होणाऱ्या सामूहिक साधनेला जा. ती एका तासाची असते, घरापासून फार वेळ दूर राहावे लागत नाही आणि इतरांबरोबर बसल्याने सुटलेली सवय लवकर परत येते. एकदिवसीय शिबिर त्यानंतर.

आणखी एक. डॉक्टरांनी औषध सुरू केले तर ते साधनेच्या आड येते अशा समजुतीने मधेच बंद करू नका, आणि पुढे कधी १० दिवसांच्या शिबिराला अर्ज कराल तेव्हा त्यातल्या आरोग्याच्या रकान्यात औषधाचे नाव आणि मात्रा यांसह सगळे खरे लिहा. कोणाला केव्हा शिबिर द्यावे आणि केव्हा थांबायला सांगावे, हे आचार्य त्यावरूनच ठरवतात.